जेमाच्या फडक्यातली फुलं

काल बाजारात सुकवलेल्या मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला आणि मी त्या टोपलीपुढे तसाच उभा राहिलो. तापीकाठचं आमचं छोटं हायस्कूल आठवलं. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा.

सातपुड्यातून आलेला जेमा माझ्या बाकावर बसायचा. भाकर नसली की तो फडक्यात मोहाची सुकी फुलं बांधून आणी. "खाई ले पाटील, गोड शेतस," म्हणत अर्धी मला देई. फुलांचा वास अगदी मोहाच्या दारूसारखा. गणितात तो पहिला, मी दुसरा. घरी वडील त्यावरून रोज टोमणे मारत.

एका सकाळी हेडमास्तर आमच्या बाकाजवळ थबकले. "जेमा, दारू पिऊन आलास?"

शाळेतलं मराठी त्याला पटकन सुचत नसे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग ना त्यास्ले."

मी उभा राहिलो. "सर, याच्या तोंडाला रोजच असा वास येतो."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. हेडमास्तरांनी त्याचं नाव शाळेतून काढलं. जेमा गेला, फडकं बाकावरच राहिलं. कोणी उघडून पाहील म्हणून मधल्या सुट्टीत मी ते मागच्या नाल्यात टाकलं.

त्या वर्षी मी पहिला आलो. जेमा दारुडा होता, असं सोबती म्हातारपणापर्यंत म्हणत आणि मी मान हलवायचो. तो प्यायलेला नव्हता. मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण त्या सकाळी त्याच फडक्यातली फुलं माझ्याही तोंडात होती.