दाणावैरणीच्या साहेबाचं शिरस्त्राण

विक्रोळीच्या आमच्या खोलीत कपाटावर एक जर्मन शिरस्त्राण होतं. काळ्या चामड्याचं, पुढे पितळी गरुड, माथ्यावर टोक. पहिल्या महायुद्धात आजोबा फ्रान्सला गेले होते, तिथून त्यांनी ते आणलेलं. "जर्मन जनरलच्या डोक्यावरून हिसकावलंय," असं बाबा येईल त्याला ठणकावून सांगत. आजोबा तिथे खेचरं हाकायला गेले होते, ही गोष्ट मात्र घराबाहेर जायची नाही.

ऐंशीच्या दशकात एका वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीतल्या मंडळाने लष्करात गेलेल्या आपल्या माणसांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं. बाबांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं आणि शिरस्त्राणाची पाटी माझ्या गळ्यात मारली, कारण माझं अक्षर चांगलं. मी तेव्हा संध्याकाळी जर्मन शिकायला जात होते, नव्या विद्येचा माजही होता. खात्री केल्याशिवाय 'जनरल' लिहिणार नाही, म्हणून मी अडून बसले आणि ते शिरस्त्राण पिशवीत घालून वर्गात नेलं.

जर्मनच्या बाईंनी एक पुस्तक काढलं. गरुडाची घडण आणि त्यावरची अक्षरं यांवरून बरंच ओळखता येतं, म्हणाल्या. आमच्या गरुडावर अक्षरंच उरली नव्हती! दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी बाबा चिंच आणि राख लावून तो असा काही घासत की छाती पार गुळगुळीत झाली होती. मला हसू आवरेना. मग बाईंनी आतलं अस्तर उलटलं. तिथे शाईने लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. ती जुनी लिपी लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"लढणारा नव्हता गं हा," त्या म्हणाल्या. "लष्करातला कचेरीवाला. घोड्यांच्या दाणावैरणीच्या कोठारावरचा."

माझं हसू तिथेच संपलं. कंपनीत, चाळीत, सगळीकडे बाबांनी तो जनरल मिरवलेला. खोटं लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण ते जमेना. घरी आल्या आल्या सांगून टाकलं.

"नीट बघितलंस ना?"

"बाईंनी दोनदा वाचलं, बाबा."

"लोक हसतील," ते म्हणाले. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला माझ्याच शहाणपणाचा राग आला.

बाबांनी शिरस्त्राण मांडीवर घेतलं आणि त्या पट्टीवरून बोट फिरवलं. "म्हणजे जनावरांच्या पोटाचं बघायचा."

"हो."

"माझा बापही तेच करायचा. आधी खेचरांना दाणा, मग स्वतःची भाकरी." त्यांनी शिरस्त्राण बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "घे पेन."

मी लिहायला बसले. 'जर्मन लष्करातल्या दाणावैरणीच्या अधिकाऱ्याचं शिरस्त्राण.'

"आता खाली लिही. आणणारे, माझे वडील. फ्रान्समध्ये खेचरं हाकत होते."

माझा हात थांबला.

"थांबलीस काय? ते मोठ्या अक्षरात लिही."