लाल दहाची, हिरवी पन्नासची

आमच्या घरी पोकर खेळायला येणाऱ्या माणसाला मी आधी पाणी देते आणि मग नियम सांगते. उभ्यानं, पटापट, आणि प्रत्येक नव्या माणसाला तेच. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. जे आधी सांगितलं नाही, त्यावरूनच नंतर भांडण होतं.

आमची कॉलनी वरोरा रस्त्यावर, एका लहानशा खाजगी वीज कारखान्याची. नवरा कोळसा विभागात फिटर. नागपूरला ट्रेनिंगच्या होस्टेलात तो पोकर शिकून आला आणि लग्नानंतर त्यानं ते मला शिकवलं. लेकीनं पुण्याहून प्लास्टिकच्या चिप्सचा डबा पाठवला तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमच्या समोरच्या खोलीत डाव बसतो. पांढरी चिप पाचची, लाल दहाची, हिरवी पन्नासची. हे आकडे फक्त आकडे आहेत, पैसे लावायचे नाहीत. शेवटी ज्याच्यापुढे सगळ्यात कमी उरेल त्यानं सगळ्यांच्या कपबश्या धुवायच्या. हा पहिला नियम.

दुसरा, हात साबणानं धुऊन बसायचं. आमच्याकडे कोळशाची भुकटी दाराच्या कडीवरही असते. काळ्या अंगठ्याचा ठसा पत्त्यावर उमटला की तो पत्ता पाठीमागूनही ओळखू येतो. नवरा-बायकोनं शेजारी बसायचं नाही. जो तो आपापला खेळेल, कोणी कोणाला मदत करायची नाही. मध्ये टाकलेली चिप परत येत नाही, आणि सुटे घ्यायचे तर मोठ्यानं सांगून घ्यायचे. अंधार पडायच्या आत डाव मोडायचा, कारण राखेच्या पाइपलाइनमागे बिबट आहे आणि पाहुण्यांना चालत घरी जायचं असतं. आणि टेबलावर बोललेलं, टेबलावर दिसलेलं, टेबलावरच राहील. बाहेर न्यायचं नाही. हा शेवटचा नियम मी स्वतः घातला. समोरच्या क्वार्टरमधले भाऊ कोळसा विभागाचे फोरमन आहेत. एकदा ते डावात मॅनेजरबद्दल काहीबाही बोलले आणि सोमवारी सकाळी ते मॅनेजरच्या कानावर होतं. कोणी नेलं ते कळलं, आणि त्या माणसाला मी पुन्हा बोलावलं नाही.

त्याची जागा रिकामी झाली म्हणून फोरमनभाऊंनीच ते नवं जोडपं आणलं. तो वॅगन टिपलरवर होता. टिपलर म्हणजे कोळशानं भरलेला रेल्वेचा डबा धरून उलटा करणारं यंत्र. कोळसा खालच्या खड्ड्यात पडतो. मोठं ढेकूळ अडकलं की फिटरला त्या खड्ड्यात उतरावं लागतं. म्हणजे माझ्या नवऱ्याला. माणूस खाली असताना टिपलरच्या खोलीत लाल दिवा लागतो, वर आला की हिरवा. हिरवा पाहून टिपलरवाला बटण दाबतो.

माणूस अबोल. बायको राजुऱ्याकडची, बोलकी, पण माझ्याशी जरा जपूनच. नवीन होते म्हणून पहिल्या रविवारी मी त्यांना शेजारी बसू दिलं. चूक माझीच. एकदा सवलत दिली की ती हक्क होते.

त्या दिवशीच एक गोष्ट डोळ्यांत आली. मी चिप्स वाटल्या, आणि त्यानं स्वतःच्या ढिगाला हात लावला नाही. बायकोनं आपला ढीग सोडून आधी त्याचा लावला. डावीकडे पांढऱ्या, मध्ये लाल, उजवीकडे हिरव्या, अगदी दुकानात मांडतात तशा. मग तो खेळायला लागला. डाव जिंकून चिप्स त्याच्याकडे आल्या की पुन्हा तेच. तो थांबायचा, ती लावायची.

"वहिनी, बायको असावी तं अशी," फोरमनभाऊ मला म्हणाले. "नाई तं आमची. आमची घरी झोपून राह्यली."

"तुमच्या चिप्स लावायला घरी सून आणा," मी म्हणाले. पण माझी नजर त्या बाईच्या हातावर होती. ढीग लावताना तिची नजर त्याच्या पत्त्यांवर जात होती का? जाऊ शकत होती. एवढं मला पुरे.

पुढच्या रविवारी तो सुटे घेताना सापडला. त्यानं पन्नासची हिरवी टाकली, दहाच द्यायचे होते, म्हणजे चार लाल परत घ्यायच्या. त्यानं मधल्या ढिगातून चार उचलल्या. त्यातल्या दोन हिरव्या.

फोरमनभाऊंनी त्याचं मनगट धरलं. "अरे बापू! हातसफाई तं लय मस्त हाये तुमची. टिपलरवर काऊन सडून राह्यले? सर्कशीत जा ना."

सगळे हसले. तोही हसला, पण कान लाल झाले. बायकोनं झटकन त्या दोन हिरव्या मध्ये सरकवल्या आणि दोन लाल त्याच्या हातात दिल्या. "त्याईचं ध्यान नसते," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली. उत्तर तयार असल्यासारखी.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "हे दोघं मिळून खेळतात."

"कपबश्या धुवाच्या लागू नये म्हणून?" तो म्हणाला. "तुले तर दूधवाल्यावरही संशय राह्यते."

"दूधवाला पाणी घालतो."

"घालतेच," तो म्हणाला आणि टिपलरच्या खोलीत नवं पॅनल येणार आहे ते सांगत बसला. जुने दोन दिवे काढून एकच दिवा बसवणार होते, त्याचाच रंग बदलणार. कंपनीचा माणूस येऊन माप घेऊन गेला होता. मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात चिप्स होत्या.

तिसऱ्या रविवारी मी दारातच सांगितलं. नियम म्हणजे नियम, नवरा-बायको आता वेगळे बसतील. बाईचा चेहरा उतरला. "ताई, घरचेच तं लोकं आहोत," ती म्हणाली. मी तिला खिडकीशी बसवलं आणि त्याला माझ्या शेजारी. मला त्याचे हात जवळून पाहायचे होते.

डाव सुरू झाल्यावर त्यानं आपला ढीग तसाच ठेवला, रंग मिसळलेला. चिप काढताना तो ती उजेडाकडे करायचा, जरा तिरकी धरायचा, मग टाकायचा. एकदा लाल म्हणून हिरवी घेतली. मी बोट ठेवलं, त्यानं बदलली. मी मनात म्हटलं, झालं, पकडला. मग तो डाव आला ज्यानं माझं गणित मोडलं. तो "दहा" म्हणाला आणि हिरवी टाकली. नवऱ्यानं विचारलं, "पन्नास?" टाकलेली चिप परत येत नाही, हे मी तीनदा सांगितलं होतं, त्यामुळे त्यानं हिरवी तशीच राहू दिली. शोमध्ये त्याचे पत्ते उघडले तेव्हा एक जोडीसुद्धा नव्हती. पन्नास फुकट गेले.

चोर स्वतःच्या फायद्याच्या बाजूनं चुकतो. हा दोन्ही बाजूंनी चुकत होता.

मी चहाला उठले आणि हाक मारली, "भाऊ, जरा येता का? डबा उघडत नाही." तो स्वयंपाकघरात आला. डबा त्यानं एका झटक्यात उघडला. ओट्यावर टोपलीत टोमॅटो होते, आमच्या परसातले, काही पिकलेले, काही कच्चे हिरवे. मी म्हटलं, "आणि त्यातले पिकलेले तेवढे द्या हो, चटणी करते." त्यानं टोपलीकडे पाहिलं. मग एकेक टोमॅटो उचलून अंगठ्यानं दाबला. मऊ लागला तो मला दिला, कडक लागला तो परत ठेवला. एकही चुकला नाही. पण लाल टोमॅटो समोर असताना कोणी दाबून पाहतं का?

मागे वळले तर दारात त्याची बायको.

"तुमी जा, तुमचा डाव आला," ती त्याला म्हणाली. तो गेल्यावर तिनं पदर खोचला आणि नळाखालचे कप विसळायला घेतले, जणू त्याचसाठी आली होती.

"लाल आणि हिरवा," मी म्हटलं.

"सारखेच दिसतात त्याईले. लहानपणापासून." तिनं मान वर केली नाही. "आता तुमी सांगान फोरमनभाऊले."

"तुमचा माणूस टिपलरवर बसतो, बाई."

"वरचा दिवा लाल, खालचा हिरवा. जागेनं समजते. आजवर एक चूक नाई त्याईच्या हातून, विचारा कोणाले पाहिजे तं."

तेव्हा मला पॅनल आठवलं. एकच दिवा. त्याचाच रंग बदलणार.

"नवं पॅनल येतंय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे." तिनं नळ बंद केला. "आमचं शेत राखेच्या तळ्याखाली गेलं, ताई. त्याच्या बदल्यात नोकरी भेटली. आधी हेल्पर होते, मंग टिपलरचा भत्ता भेटते म्हणून गेले. आता नोकरी गेली तं शेतही नाई, नोकरीही नाई. आमी कुठी जाऊ?"

"माझा माणूस त्या खड्ड्यात उतरतो."

तिनं कप ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमीच सांगतलं होतं ना. टेबलावर दिसलेलं टेबलावर राहीन. तुमच्याच घरचा नियम हाये."

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. टेबलावरचं बाहेर नेणाऱ्या माणसाला मी पुन्हा बोलावलं नव्हतं.

"नियम आहे," मी म्हटलं. "म्हणून मी आज काही बोलणार नाही. त्यांनी स्वतः सांगायचं, पॅनल बसायच्या आत. स्टोअरमध्ये माणूस कमी आहे. भत्ता जाईल, नोकरी जायलाच पाहिजे असं नाही. स्वतःहून सांगणाऱ्याला कोणी काढत नाही."

"तुमी लिहून देता?"

लिहून देणं माझ्या हातात नव्हतं. तिनं ते बरोबर ओळखलं.

"आणि त्यांनी नाही सांगितलं, तर मी नियम मोडेन. हे आत्ताच सांगून ठेवते."

ती कप घेऊन बाहेर गेली. त्या दिवशी कपबश्या शेवटी फोरमनभाऊंवर आल्या.

पाहुणे गेल्यावर मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, "नवीन भाऊंची शिफ्ट असेल तेव्हा खड्ड्यात उतरू नकोस."

"काऊन?"

"सांगता येत नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. आमच्या घरात संशय घेण्याचं खातं माझं. त्या आठवड्यात ते त्यानं घेतलं. "डावातलं हाये का काही?"

"उतरू नकोस. मी फिटर नाही, तुझ्या कामात कधी बोलत नाही. आता बोलते आहे."

सोमवारी तो गेला आणि मी ऑफिसात दाखल्यांवर शिक्के उलटे मारले. मंगळवारी शाळेतून येताना मी मुद्दाम टिपलरकडच्या रस्त्यानं आले. खिडकीत तोच होता. त्यानं हात केला. मीही केला, आणि घरी येईपर्यंत तो हात कसला याचा विचार केला. सांगितलं म्हणून, की सांगणार नाही म्हणून? त्याची बायको किराणा दुकानात भेटली आणि रस्ता बदलून गेली. पॅनलची खोकी आल्याचं नवऱ्यानं सांगितलं. मी सही करून घ्यायच्या पत्रासारखं वाक्य मनात तयार करून ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी फोरमनभाऊंच्या दारात जाऊन म्हणायचं वाक्य.

ते म्हणायची वेळ आली नाही. गुरुवारी फोरमनभाऊच आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "वहिनी, तुमाले माहीत होतं ना?"

"काय?"

"असं पाहू नका निरागस. तुमचं तोंड मी ओळखतो." ते खुर्चीवर बसले. "सकाळी आला बाप्पा माझ्यापुढं. हात जोडून म्हणते, मले लाल-हिरवं समजत नाई, नवीन पॅनलवर बसवू नका. मी म्हटलं, मंग जुन्यावर कसा बसला होता बे तू? डोकं गरम झालं माझं. दोन तास बोललो नाई त्याच्याशी."

"मग?"

"मंग काय. स्टोअरात टाकला. वर सांगतलं, डोळ्याची तक्रार. भत्ता गेला. पुढं मेडिकलवाले काय म्हणतीन ते म्हणतीन." ते पाणी प्यायले. "हातसफाई म्हटलं होतं मी त्याले. सगळ्यांसमोर."

नवरा आतून ऐकत होता. तो रिकामा पेला न्यायला आला आणि जाताना माझ्या डोक्यावर हलकीच टपली मारली.

मेडिकलचं अजून ठरायचं आहे. नोकरी राहील की नाही हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि त्याच्या बायकोला मी तसं सांगितलेलंही नाही.

रविवारी ते येतील असं मला वाटलं नव्हतं. तरी शनिवारी मी चिप्सचा डबा माळ्यावर टाकला आणि सागरगोटे, चिंचोके आणि शाळेतल्या लहान मुलांच्या गणिताच्या पेटीतले लाकडी ठोकळे काढून ठेवले. चिंचोका पाचचा, ठोकळा दहाचा, सागरगोटा पन्नासचा. बोटांना कळेल असं.

दोघंही आले. तो आत येऊन हात धुऊन बसला. ती दारात थांबली, टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपण होऊन खिडकीशी जाऊन बसली, त्याच्यापासून लांब.

मी उभ्यानं नियम सांगितले. नवं नाणं काय ते सांगितलं. शेवटच्या नियमाशी आले तेव्हा जरा अडखळले. मग म्हटलं, "टेबलावरचं टेबलावर राहील. कोणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर नाही."

"हे नवीन आहे," नवरा म्हणाला.

"आजपासून."

नवीन भाऊंनी आपला ढीग स्वतः लावला. पटापट, न पाहता. फोरमनभाऊंनी एक सागरगोटा उचलून कानाशी हलवला. "वहिनी, हे तं कुंपणावर लागतात आमच्या मागं. खिशात भरून आणले कोणी तं?"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सगळ्यांच्या खिशांकडे पाहिलं.

तिसऱ्याच डावात त्यानं सागरगोटा पुढे केला. मग अजून एक. चेहरा नेहमीसारखाच, काही न सांगणारा. माझ्याकडे दोन राजे होते. मी त्याचे हात पाहिले, बाह्या पाहिल्या, बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. जरा जास्तच बाहेर बघत होती.

"ताई," ती तशीच बाहेर बघत म्हणाली, "त्याईचे हात नका पाहू. आता तं ते खेळून राह्यले."

मी पत्ते पालथे टाकले. त्याच्याकडे काय होतं ते त्यानं दाखवलं नाही, आणि पैजेतून उठलेल्याला पत्ते दाखवायचे नसतात हाही आमच्या घरचाच नियम आहे.