आबांचा ओळंबा

शिवाजी पेठेतलं घर विकत घेण्याआधी मी ते बघायला गेलो, तेव्हा वडील सोबत होते. आयुष्यभर गवंडीकाम केलेल्या आबांनी भिंत सरळ आहे का ते बघायला पिशवीत ओळंबा आणला होता. घर माझ्या शाळेतल्या गुरुजींचं. मागच्या खोलीत आबांनी दोरी सोडली, तसे गुरुजी हसून म्हणाले, "पावणं, भिंत काय पळून जात न्हाय. चहा घ्या की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "राहू दे, आबा," मी पुटपुटलो. त्यांनी दोरी गुंडाळली.

दुसऱ्या पावसाळ्यात तीच भिंत फुगली. ती उतरवून पुन्हा बांधायची माझी ऐपत नव्हती. आबांची खाट त्याच खोलीत होती. पुढच्या खोलीत माझी मुलं झोपायची, म्हणून जागा बदलू या असं मी म्हटलंच नाही. उलट एकदा त्यांच्यावरच चिडलो, "तुम्ही तेव्हाच बोलायचं होतं."

"बगत व्हतो की," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी ते ओळंबा लावत आणि भिंत किती झुकली ते मला सांगत.