झटकून घातलेले बूट

मामा कुठलंही पायताण झटकल्याशिवाय घालत नसत. आमच्या जळगाव जामोदला सातपुडा जवळ, त्यामुळे जोड्यात विंचू निघणं ही नवलाची गोष्ट नाही, आणि बूट उलटा करून आपटायची सवय इथं बहुतेकांना असते. पण मामांचं आपटण्यावर भागत नसे. ते बुटात हात घालत, टाचेपासून पार अंगठ्याच्या जागेपर्यंत बोटं फिरवत, हात बाहेर काढून बोटांकडे बघत, आणि मग पाय आत. लग्नाच्या मांडवाबाहेर चपलांच्या ढिगाजवळ हे सगळं यथासांग चाले आणि मागची माणसं खोळंबत. कोणी म्हणालंच, "मामा, इच्चू होता तं तो बी कटाळून गेला असन," तर ते शांतपणे म्हणत, "गेला असन. पाहून घेतलं तं काय बिघडते?"

गावात त्यांना धसके मामा म्हणत. ते एसटीत ड्रायव्हर होते. राजूर घाटात त्यांची गाडी इतक्या सावकाशीनं उतरे, की घाईची माणसं त्यांना स्टेअरिंगवर बघून पुढच्या गाडीची वाट बघत. एकही अपघात न करता ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्याबद्दल सत्कार झाला, तेव्हा यांनी भाषणात काय सांगावं? "आजपर्यंतचं झालं. आता घरी पायी जाचं आहे, त्याचं कोन सांगते?"

हे माझे सख्खे मामा. मी इथंच शाळेत शिकवते, नवऱ्याची नोकरी बाहेरगावी. माझं घर मामांच्या घराला लागून, त्यामुळे माझी मुलगी संघमित्रा, म्हणजे आमची मितू, त्यांच्या ओट्यावरच वाढली. मी मामा म्हणायचे, म्हणून तीही त्यांना मामाच म्हणे.

मितू पाठीच्या कण्यात दोष घेऊन जन्मली. ऑपरेशन झालं, ती चालायला लागली, पण डावा पाय आत वळलेला आणि उजव्यापेक्षा लहान राहिला. शिवाय त्या पायाला घोट्याखाली फारसं काही कळत नाही. काटा रुतला, चटका बसला, तरी तिला पत्ता नसतो. "जखम चिघळली तर पाय गमवावा लागेल, रोज डोळ्यांनी बघत जा," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. ऐकलं मी, मनावर घेतलं मामांनी. रोज दिवेलागणीला ते तिला ओट्यावर बसवून पाय धूत, पुसत, बोटांच्या बेचक्यासुद्धा बघत. कधी गावाला गेले तर तिथून त्यांचा फोन येई. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. एकच प्रश्न, "पाय पाह्यला काय?"

मितू बारा वर्षांची झाली आणि तिनं आमची झोपच उडवली. अपंग मुलांच्या एका शिबिरात तिची निवड झाली, हिमाचलात बर्फावर स्कीइंग शिकायला. आई किंवा वडिलांपैकी एकानं बरोबर यायचं. शाळेच्या मैदानावर आयुष्यभर कडेला बसलेली माझी पोर त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही, मोबाइलवर घसरणारी माणसं बघत राहिली. मला आनंद झाला, पण धास्तीही वाटली. मामा मात्र नाहीच म्हणणार, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

मामांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "बरफात चांगल्या पायाले कळत नाही, हिले काय कळन? पन पोरीचं मन आहे. जोडे पाहू. पायाले बसनारे जोडे भेटले तं पोरगी जाईन, नाही तं नाही." शिबिराच्या मॅडमनीही फोनवर हेच सांगितलं होतं. तिथं बूट भाड्यानं मिळतात, पण अशा पायाला बसतीलच असं नाही. बूट बसला नाही तर मितूला कडेला बसून बघावं लागेल.

कडेला बसणं हेच तर तिला नको होतं. मग आमची पायपीट सुरू झाली. खामगाव झालं, अकोला झालं. एका दुकानदारानं चिखलात घालायचे गमबूट दाखवले, दुसऱ्यानं कारखान्यातले लोखंडी टोपीचे. तिसरा म्हणाला, "बरफ? आपल्याकडे? काऊन मजाक करता काका?" मामा प्रत्येक बुटात हात घालून बघत आणि न बोलता परत ठेवत. शेवटी मॅडमनी दिल्लीतल्या एका माणसाकडे लहान मुलांचे वापरलेले बूट असल्याचं कळवलं आणि माप मागितलं.

आणि इथं आम्ही अस्सल आमच्यासारखं वागलो. मामांनी कॅलेंडरच्या पाठीवर मितूचे पाय ठेवून पेन्सिलनं अगदी जपून आखले, आणि त्यावर दोन बोटं वाढवून माप कळवलं. वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही चालतील. आमच्याकडे लेकरांचा फ्रॉक, गणवेश, चप्पल, सगळं असंच घेतात. पुढं कापसाचा बोळा कोंबला की झालं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

बूट आले. टणक प्लास्टिकचे, नडगीपर्यंत उंच, कड्यांनी आवळायचे. मामांनी ते झटकले, आत हात फिरवला, घरचा कापूस भरला. मितू गच्चीवर टाकटूक चालली, वळली, हसली. तासाभरानं ओट्यावर पाय धुताना मामांचा हात थांबला. डाव्या घोट्याच्या हाडावरचं कातडं सोलून निघालं होतं, मोजा रक्तानं चिकटला होता. मितूला पत्ताच नव्हता, ती शिबिरात काय काय करून बघायचं, तेच सांगत होती.

मामांनी जखम धुतली, पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मितूनं मोजा काढू दिला नाही. पाय पोटाशी घेऊन बसली. "तुम्ही पाहसान आन नाही म्हनसान. मले माहीत आहे."

मामा ओट्याच्या पायरीवर, तिच्यापेक्षा खाली बसले. "बाई व, नाही म्हनाचं असतं तं मी पयल्याच दिवशी म्हटलं असतं," ते म्हणाले. "तुले थांबवाले नाही पाहत मी. तू गेली तं हा पाय वापस आला पाहिजे, म्हनून पाहतो." मितूनं मोजा काढला. मग तिनं पाय पुढं केला.

मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यालाच हात लावला असावा. सैल बुटात पाय हलतो आणि हलला की सोलतो. हा बूट पायाशी नेमका हवा, त्यात वाढीला जागा ठेवायची नसते, आणि दोन पाय वेगळे असतील तर दोन मापांचे हवेत. त्यांनी तिथल्या जुन्या बुटांतून उजव्यासाठी एक आणि डाव्यासाठी लहान एक निवडला, घोट्यापाशी गरम करून फुगवून घेतला आणि पाठवला. तोवर जखम भरेल की नाही, या धास्तीत आम्ही दिवस काढले. मामा पोरीला पाटावरून उठू देत नव्हते. जखम भरली, नवं गुलाबी कातडं आलं, तेव्हा कुठं त्यांनी नवा बूट हातात घेतला. हात आत घालून ते इतका वेळ बसले की मितू म्हणाली, "मामा, मले बी घालू द्या." थोडा वेळ घालायचा, काढायचा, बघायचा. पुन्हा थोडा वेळ. घोटा कोरा राहिला.

मलकापूर स्टेशनवर आम्हा दोघींना सोडायला आलेल्या मामांनी मितूला आपला दाढीचा आरसा दिला. "तळवा दिसत नाही आपल्याले, आरशात दिसते. आता तू पाहत जाय." गाडी सुटली तरी ते खिडकीबरोबर चालत होते, मग धावायला लागले. या माणसाला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बर्फावर पहिल्या सकाळी मितूनं बूट उलटा करून आपटला आणि आत हात घातला. बाकीची मुलं हसली. त्या थंडीत विंचू कुठला यायला? आतल्या अस्तराला एक घडी पडली होती. तिनं ती सपाट केली आणि पाय घातला. त्या दिवशी ती पंचवीसेक पावलांचा उतार घसरली, पडली, उठली. संध्याकाळी फोन आला. घसरली का, पडली का, काही नाही. "पाय पाह्यला काय?" फोन मितूनं घेतला होता. "पाह्यला मामा. साफ आहे." पलीकडून मामांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, कसलाही धसका न घेता. घर माणसांनी भरलं. मी कोणाला पाणी देत होते, कोणाच्या गळ्यात पडत होते, आणि त्या दिवशी मितूचा पाय मी साफ विसरले. दिवेलागणीला तिला शोधत बाहेर आले तर ती ओट्यावर बसली होती. पाय धुतलेला, हातात दाढीचा आरसा. तिनं तळवा पाहिला, टाच पाहिली, बेचक्या पाहिल्या. मग रिकाम्या पायरीकडे बघून हलकेच म्हणाली, "पाह्यला, मामा."