आमच्या कुत्र्याले ताप नव्हताच

त्या दिवशी अंगणात मी होती, लेक होता, सून होती, रांगणारा नातू होता, मांजर काखेत घेतलेली माही धाकटी जाऊ होती, अन् बाजेखाली आमचा कुत्रा.

मालक गेल्यापासून वांग्याच्या वावरात मी एकटीच निजतो. रडून काय करता, वांगे तं राखाच लागते. डुकरं आले का हा कुत्राच भुकते. दिसाले मरतुकडा, पण माह्या उशाशी तोच.

त्या दिवशी उन्हानं तो जीभ काढून हापत होता. सुनेनं हात लावला. "आत्याबाई, याचं अंग तं चटका देते!"

कोरोनातलं थर्मामीटर घरात होतंच. लेकानं मोबाइलात पाह्यलं, कुत्र्याले ते मांगून लावा लागते. तेवढंच दिसलं अन् रेंज गेली. मी तोंड धरलं, लेकानं शेपूट. कुत्र्यानं माह्याकडे असं पाह्यलं का मलेच लाज वाटली.

आकडा आला एकशे दोन. सून नातवाले उचलून घरात पयाली.

"माय, घरात लेकरू हाय. याले आताच पोत्यात घालून किन्हीराजा गावाकडे सोडून येतो."

"अन् वावरात मी कोनाच्या भरवशावर निजू?"

"तू घरी नीज."

"मंग डुकरायले तूच सांगून ये, म्हातारी आता घरी निजते म्हनून."

त्यानं पोतं आणलंच. जाऊ हासून राह्यली होती. "बाई, कुत्र्याचे कायले एवढे लाड? माही मांजर पाहा, कशी ठणठणीत!"

"मंग तिलेही लाव," मी म्हटलं.

थर्मामीटर धुतलं. मांजरीनं लेकाचा हात फाडला, पण आकडा निघाला. एकशे एकच्या वर! जाऊचं हासू गेलं.

"घाल हिलेही पोत्यात," मी म्हटलं.

"काहून? आत्ता दूध पिऊन आली ते! तिले कायचा ताप?"

तवा कुठं लेकानं रेंज पाहून गुरायच्या डॉक्टरले फोन लावला. डॉक्टर एवढा हासला का मले दुरून आयकू आलं. "अरे बाप्पा, कुत्र्या-मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच राह्यते. एकशे एक, एकशे दोन म्हणजे बराबर. एकशे तीनच्या वर गेलं तं मले सांग. उन्हात हापून तो अंग थंड करते. सावलीत निजला का पोट पाह्य, श्वासानं मिनिटात तीसदाच्या आत हाललं तं बेस. आपली तापाची गोयी नको देऊ, मरन."

लेकानं पोतं घडी करून ठेवलं. सावलीत पाणी देलं. सांजेले कुत्रा उठला, भाकर खाल्ली अन् माह्यापुढं वावराकडे निंघाला. जातानी लेकावर भुकून गेला.

मंग पावसाळ्यात मलेच हिव भरलं. सून तेच थर्मामीटर घेऊन आली. "आत्याबाई, तोंड उघडा." मी दात आवयून बसली.

तुमाले एकच सांगणं हाय. जनावर बरं असतानीच त्याचं अंग किती गरम राह्यते, पोट किती हालते, ते पाहून ठेवा. अन् त्याचं थर्मामीटर येगळं ठेवा.