माझं वजन, तिचे उपास

माझं वजन उतरावं म्हणून माझ्या बायकोने दीड महिना एकवेळ जेवून काढला, आणि तिचं चार किलो उतरलं.

यात हसण्यासारखं काय आहे, असं आमच्या आईला अजूनही वाटतं. पण मी तेव्हा गोव्यात पाळी गावच्या खाणीवर वजनकाट्याचा कारकून होतो, हे आधी सांगतो, म्हणजे माझी लाज किती मोठी ते कळेल. खनिजाने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, मी आकडा लिहायचो, पावती फाडायचो, ट्रक जायचा. बारा वर्षं दुसऱ्यांची वजनं मोजता मोजता माझं स्वतःचं शहाण्णव किलो झालं होतं. (उंची विचारू नका, ती वाढली नाही.)

एकदा डिचोलीत डॉक्टरांकडे खोकल्यासाठी गेलो. त्यांनी खोकला बाजूला ठेवला आणि रक्त तपासायला पाठवलं. कागद बघून म्हणाले, "साखर उंबरठ्यावर आहे. अजून आत आलेली नाही. दीड महिना देतो. खाणं कमी करा आणि रोज चाला. दोन्ही पाहिजे हां. वजन उतरलं तर ती आल्या पावली परत जाईल, नाही तर गोळ्या सुरू."

मी घाबरलो. माझ्या बाबांची साखर अशीच हळूच आत आली होती, आणि शेवटची दोन वर्षं त्यांच्या पायाची न भरणारी जखम मी रोज धुवायचो. घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं, की काय वाटेल ते झालं तरी या वेळी वजन उतरवायचंच.

घरी आई आणि माझी बायको सुलभा वाट बघत होत्या. डॉक्टरांचं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं.

"दोन्ही पाहिजे म्हणाले?" आई म्हणाली. "मग दोघं आसात न्हय तुम्ही? तू चाल. उपास सुलू करील."

"अगो आई, साखर माझी आहे."

"आणि खाणीवर कायम झालास, ती नोकरी कोणाची होती? तुझीच मरे. त्यासाठी सोमवार कोणी केले? सुलूने. लागू पडले की नाही?"

यावर उत्तर मी फारसं शोधलं नाही, कारण समोर ताटात तळलेला बांगडा होता. "तुम्ही चाला म्हणजे झालं," एवढंच सुलभा म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून एकवेळ जेवायला लागली. सोमवारी तर तेही संध्याकाळी, नैवेद्य दाखवल्यावर.

मी चालायला लागलो. सकाळी सहाला निघायचं, नदीच्या कडेने बाजारापर्यंत जायचं, परत यायचं. पहिला पंधरवडा मी कुठेही न थांबता चाललो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा, पुढे नोंदवण्यासारखं काही नाही.

पंधरवड्याने मला राहवेना. पहिल्या दिवशी मी खाणीवरच्या काट्यावर उभा राहून बघितलं होतं, तेव्हा आकडा आला होता शंभर. (डॉक्टरांपेक्षा चार जास्त, पण मी नुकताच जेवलो होतो!) आता दुपारच्या सुट्टीत, जिथे भरलेला ट्रक उभा राहतो तिथे मी मधोमध जाऊन उभा राहिलो, आणि सावंतवाडीकडचा बाबल ड्रायव्हर होता, त्याला खोलीत आकडा वाचायला बसवलं.

"नव्वद," तो आतून म्हणाला.

पंधरा दिवसांत दहा किलो. मी काट्यावरून उतरलो तो तरंगतच.

बाबल बाहेर येऊन डोकं खाजवत होता. "भाऊ, माझ्या क्लीनराची पिशवी ट्रकातसून उतारली तरी ह्या काट्याक कधी कधी कळणा नाय. तुमचे दहा किलो बरे कळले?"

"बाबल, बारा वर्षं मी हा काटा सांभाळतोय."

"म्हणानच इचारतंय," तो म्हणाला.

आमचा काटा दहा-दहा किलोंच्या उडीने बोलायचा. पंच्याण्णवच्या वर काही असलं की शंभर, खाली असलं की नव्वद. नव्या ड्रायव्हरांना हे मी स्वतः समजावून सांगायचो. चालण्याने माझं किलो-दीड किलो खरोखर गेलं होतं, आणि तेवढ्यावर काट्याने उडी मारली होती. पण बातमी घेऊन घरी जाताना मला यातलं काहीही आठवलं नाही.

आईने हात जोडले. "बघितलंस? अर्धा उपास झाला नाही तर दहा किलो!" सोमवारच्या नैवेद्याला तिने मणगणं केलं, चण्याची डाळ, गूळ आणि नारळाचं दाट दूध घालून. उपास माझ्यासाठी, म्हणून त्याचा प्रसादही माझ्यासाठी. दोन वाट्या. शिवाय सुलभा एकवेळ जेवायची, आणि आईला अन्न टाकलेलं खपायचं नाही, म्हणून तिच्या दुसऱ्या वेळचा वाटा माझ्या ताटात यायला लागला. आणि सकाळी बाजारात पोचल्यावर मी हॉटेलात टेकायला लागलो. पातळ भाजी आणि दोन गरम उंडे. दहा किलो उतरवलेल्या माणसाला दोन पावांनी काय होणार?

इकडे सुलभाची पोलकी सैल पडली. एकदा विहिरीवरून येताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पायरीवर बसली. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "थोडे दिवस सोस गो, उतरतंय." हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासून आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. मी ऐटीत काट्यावर चढलो.

"अठ्ठ्याण्णव," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा काटा एकदा बघून घ्या," मी म्हटलं. "मी याच धंद्यातला आहे."

डॉक्टर सभ्य माणूस. म्हणाले, "वहिनी, तुम्ही चढा बघू. तुमचं वजन माझ्याकडे लिहिलेलं आहे." सुलभा चढली. त्यांनी आकडा बघितला, तिच्याकडे बघितलं. "चार किलो कमी? तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"मी ह्यांच्यासाठी उपास करते," सुलभा म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि तुम्ही जे खात नाही, त्याचं काय होतं?"

"ते हे खातात."

मग डॉक्टर मला म्हणाले, "सकाळी बाजारात तुम्ही मला दिसता. तासभर चालून जे जाळता, ते हॉटेलात बसून परत भरता. वर वहिनींचं जेवण! साखर थोडी वाढलीय. शेवटचे तीन महिने देतो. वहिनी, तुम्ही आजपासून दोन वेळा पोटभर जेवायचं."

परतताना सुलभा रस्त्यातच थांबली. "भुकेने झोप यायची नाही मला. म्हटलं, ह्यांच्या पायाचं बाबांसारखं होऊ नये. आणि तुम्ही भाजी-पाव खात होता?" ती रडली नाही. मला मात्र भर बाजारात रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती चपला घालून दारात उभी. हॉटेलवाल्याने सवयीने विचारलं, "भाऊ, पातळ भाजी?" तिने न थांबता सांगितलं, "ह्यांना नको." ताटात भात एक वाटी, भाजी भरपूर, मासा कालवणातला, तळलेला फक्त रविवारी. आईचं मणगणं चतुर्थीला आणि तेही एक पळी. पहिले आठ दिवस मी घरात कोणाशी बोललो नाही. एखाद्या आठवड्याला अर्धा किलो जायचं, एखाद्याला काहीच नाही, एकदा तर किलोभर परत आलं. पण दुसऱ्या महिन्यात खाणीचा चढ मी न थांबता चढलो आणि वर पोचून मला बोलताही येत होतं. त्या दिवशी फार बरं वाटलं.

तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या काट्यावर ब्याण्णव. रक्ताचा कागद त्यांनी दोनदा वाचला. "गोळ्या नकोत. साखर गेली परत. हेच चालू ठेवा." मग ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "अभिनंदन." मी हात पुढे केला. त्यांनी सुलभाला नमस्कार केला.

मला जरा लागलं. पण घरी येताना विचार केला. उपास तिने केले, ताट तिने आवरलं, मला ओढून चालायला तिने नेलं. या सगळ्यात माझं म्हणावं असं एक वजनच होतं, आणि त्यातलंही सहा किलो तिने काढून घेतलं.