पहिल्या तुकडीतल्या काकू

टेबलावर कुणी चमचा आपटला की त्या बोलता बोलता थांबत. आवाज बंद होईपर्यंत हात मांडीवर, नजर ताटात. मग काही घडलंच नाही अशा थाटात वाक्य पुढे सुरू. सिंगापुरात, आमच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत गणपतीची आरती झाली की पोरं प्रसादाच्या वाट्या-चमचे वाजवत आणि या हळूच स्विमिंग पूलकडे निघून जात. तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल. आपण तिला तऱ्हेवाईक म्हणून मोकळे होतो.

त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहत. एका बँकेत फार वरच्या हुद्द्यावर होत्या. माझी ईशा त्यांना काकू म्हणे, म्हणून मीही. मुंबईच्या काकू अमेरिकेतल्या एका बड्या कॉलेजात शिकल्या होत्या. तिथे पिढ्यानपिढ्या फक्त मुलगे. मुलींना प्रवेश सुरू झाला त्या वर्षीच्या पहिल्या तुकडीत या.

गोष्टी मात्र मजेत सांगत. "अगं, आरसे सगळे सहा फुटी पोरांच्या उंचीला लावलेले. चार वर्षं नुसतं कपाळ बघून टिकली लावली मी!" प्रोफेसर वर्गात शिरताना 'जेंटलमेन' म्हणत, आणि विषय युद्धाचा असो की व्याजदराचा, मध्येच वळून विचारत, "यावर स्त्रियांचं मत काय?"

"म्हणजे जगातल्या समस्त बायकांच्या वतीनं मी उत्तर द्यायचं," काकू म्हणत. आम्ही हसायचो.

जेवणाच्या हॉलमध्ये मुलगी शिरली की पोरं टेबलावर चमचे बडवत. आवडलेल्या मुलीसाठी आणखी जोरात. हे सांगून त्या घोटभर पाणी पीत आणि म्हणत, "बाकी उत्तम होतं."

दरवेळी शेवट हाच. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला तरी बाकी सगळं उत्तमच.

सिंगापूरहून अर्ज करणाऱ्या मुलांची मुलाखत ते कॉलेज इथल्या जुन्या विद्यार्थ्यांना घ्यायला सांगे. काकू ती शनिवारी सकाळी आपल्या डायनिंग टेबलाशी घेत. दोन हजार सहा-सातच्या सुमारास ईशानं तिथेच अर्ज केला. ओळखीची मुलगी म्हणून काकूंनी तिला दुप्पट पिळलं, तरी ईशाबाई उड्या मारतच बाहेर आल्या. "काकू सो नाइस, लाह!" तिच्या सिंगापुरी इंग्रजीत.

काकू दारात उभ्या होत्या. "हुशार आहे. घेतील तिला," त्या म्हणाल्या, डॉक्टर वाईट रिपोर्ट सांगतात त्या आवाजात.

मला राहवेना. ईशा घरात गेल्यावर मी विचारलं, "काकू, पाठवू ना?"

त्यांनी मला आत बसवलं आणि आपल्या रूममेटबद्दल सांगितलं. पहिल्याच हिवाळ्यात ती पोरांच्या एका पार्टीला गेली होती. बर्फातून परत आली तेव्हा एका पायात बूट नव्हता. कॉटवर नुसती बसून राहिली. नाताळला घरी गेली, ती पुन्हा आलीच नाही. तिचे वडील येऊन मुकाट्यानं सामान घेऊन गेले.

"आणि कुणी काही केलं नाही?"

"मला सगळं माहीत होतं गं. पण मला कुणी विचारलंच नाही."

बाकी उत्तम होतं, असं त्या या वेळी म्हणाल्या नाहीत. मला भीती वाटली.

"मग नको पाठवू?"

"न पाठवून काय करशील? आमच्यामागून पोरींना जाता यावं म्हणून तर आम्ही तिथे टिकलो. पाठव. आता काळ बदललाय म्हणतात."

ऑगस्टमध्ये ईशा गेली. चांगी विमानतळावर सगळ्यांनी तिला सल्ल्यांनी भंडावून सोडलं, स्वेटर घाल, दूध पी. काकूंनी एकही सल्ला दिला नाही. फक्त तिचा हात धरून उभ्या राहिल्या, इतका वेळ की पोरगी अवघडली.

नोव्हेंबरात काकूंना ऑफिसातच हार्ट अटॅक आला. मंडाईच्या स्मशानात सगळं उरकून आम्ही दुपारी घरी परतलो आणि फोन वाजला. ईशा होती. तिला ही बातमी कशी सांगावी, याचे शब्द मी जुळवत होते.

"आई, काकू घरी आहेत का? त्यांना फोन दे ना."

लहानपणापासून मला इंग्रजीत उत्तरं देणारी माझी मुलगी अगदी हळू, मराठीत बोलत होती.

"माझ्याशी बोल ना, बाळा. काय झालं?"

"तुला नाही सांगता येणार. त्यांनाच सांगायचंय."

माझ्या उघड्या दारातून समोरचं कुलूप दिसत होतं.

"आई? आहेत ना गं त्या?"